जुनी देवळे आणि त्यांची छायाचित्रे : एक मागोवा

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार श्रींच्या कृपेने आणि सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी व देणगीदार यांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेला, ही आपणा सर्वांना अत्यंत आनंदाची गोष्ट आहे. या स्मरणिकेत मंदिराची आख्यायिका, उत्सवाची परंपरा, बांधकामाची हकिगत आणि जमाखर्च यांविषयी जाणकारांनी लिहिले आहेच. समितीने मला "फोटोंविषयी काहीतरी लिहा" असे सांगितले, तेव्हा प्रथम वाटले की यात लिहिण्यासारखे ते काय असणार? परंतु जीर्णोद्धाराच्या कामात असा एक प्रसंग घडला की, जुन्या वास्तूचे एखादे छायाचित्र किती मोलाचे असते याची आम्हा सर्वांना जाणीव झाली. तेथूनच आरंभ करतो.

दीपमाळेचा वाद

देवळापुढील दीपमाळ वीज पडून कोसळली, त्यास फार वर्षे लोटली. खालचे तीन थर तेवढे उभे होते. ती पुन्हा मूळ उंचीची करावी असे ठरले, पण मूळ उंची किती? गावातील निम्मी वडीलधारी मंडळी म्हणत सात थर होते, निम्मी शपथेवर सांगत नऊ होते. दोन्ही बाजूंची माणसे खोटे बोलणारी नव्हेत. लहानपणी पाहिलेली दीपमाळ प्रत्येकाच्या मनात आपापल्या उंचीने वाढली होती, इतकेच. वाद वाढत गेला आणि पाथरवट काम थांबवून बसला.

समितीने घरोघर विचारणा केली की, देवळाचा जुना फोटो कोणाकडे आहे काय? देवळाचा म्हणून काढलेला फोटो एकही निघाला नाही. ज्या देवळापुढे आपण जन्मभर हात जोडतो, त्याचा फोटो काढून ठेवावा असे कोणालाच कधी वाटले नव्हते. देऊळ तर आहेच की, ते कोठे जाते, हीच सर्वांची समजूत. अखेर एका आजींनी आपल्या ट्रंकेतून, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेला एक पिवळा पडलेला फोटो काढून दिला. तो गावात प्रथम आलेल्या एस. टी.च्या गाडीचा होता. महाराष्ट्रात एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्यास धावली. आपल्या गावी ती येण्यास पुढे बरीच वर्षे लागली. फोटोत पुढे लांब नाक असलेली ती जुनी गाडी उभी आहे, नाकावर झेंडूची माळ आहे, टपावर पोरे चढली आहेत, आणि गाडीच्या मागे आपली दीपमाळ आहे. गाडीमुळे खालचे दोन थर झाकले गेले आहेत. परंतु टपाच्या वर जो थर दिसतो, त्याचा एक हात तुटलेला आहे, आणि तोच तुटलेला हात आजही उभ्या असलेल्या तिसऱ्या थरावर आहे. त्याच्यावर आणखी चार थर मोजता आले. तीन आणि चार मिळून सात. वाद तेथेच मिटला. नऊवाले हसले, सातवाल्यांनी पेढे वाटले, आणि पाथरवटाने छिन्नी हाती घेतली.

गाडीचा फोटो काढणाऱ्यास दीपमाळेशी कर्तव्य नव्हते. त्याने जे सहज टिपले ते इतक्या वर्षांनी देवाच्या कामी आले. मग ज्यांनी मुद्दाम देवळांची छायाचित्रे काढली त्यांचे आपल्यावर केवढे उपकार असतील! त्यांची हकिगत फारशी कोणास ठाऊक नाही, ती थोडक्यात सांगतो.

काचेवरची छबी

छायाचित्रणाची कला १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याच्या पद्धतीने जगापुढे आली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टॅल्बट याने कागदावर छबी उमटविण्याची रीत शोधली. दागेरच्या पद्धतीत एका वेळी एकच चित्र मिळे. टॅल्बटच्या रीतीत एका उलट्या छबीवरून हव्या तितक्या प्रती काढता येत. पुढे १८५१ मध्ये आर्चर नावाच्या इंग्रज कारागिराने काचेवर छबी घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढील तीस वर्षे तिचेच राज्य चालले.

ही पद्धत कशी होती ते ऐकण्यासारखे आहे. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरावयाचे, मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. काच वाळली की सर्व श्रम वाया. चित्र घेतल्याबरोबर ती तशीच काळ्या तंबूत नेऊन रसायनाने धुवावयाची. म्हणजे देवळाचे चित्र घ्यावयाचे तर देवळाजवळच तंबू ठोकावा लागे. काचा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याच्या पखाली, लाकडी तिवई आणि पेटीएवढा कॅमेरा, हे सारे बैलगाडीवर लादून न्यावे लागे. आपल्याकडील चैत्र-वैशाखाचे ऊन असले म्हणजे काच क्षणात वाळे, आणि गाडीवाटेच्या धक्क्यांनी किती काचा फुटत याचा हिशेब नाही. कागदावर प्रत काढण्यासाठी जो कागद वापरीत, त्यास अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला असे! चित्र मोठे करण्याची सोय सहजासहजी नव्हती, म्हणून जेवढे चित्र हवे तेवढी मोठी काच न्यावी लागे.

आणखी एक मौज. छबी उमटण्यास पुष्कळ सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ लागे. तेवढ्या वेळात जो स्थिर राहील तो चित्रात येई, जो चालत जाईल तो उमटतच नसे. जुन्या चित्रांत देवळे ओस पडल्यासारखी दिसतात याचे हे एक कारण आहे. तेथे माणसे येत-जात होती, नमस्कार करीत होती, पण थांबली नाहीत म्हणून काचेस दिसली नाहीत. एखाद्या खांबाशी एखादा माणूस ताठ उभा दिसतो, तो बहुधा मुद्दाम उभा केलेला असतो, खांबाची उंची समजावी म्हणून. त्या माणसाचे नाव कोठेच नोंदलेले नसते.

मुंबई इलाख्यातील आरंभ

मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था, म्हणजे फोटोग्राफिक सोसायटी, स्थापन झाली. तिच्यात इंग्रज अधिकारी होते तसे आपले लोकही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मुंबईच्या वस्तुसंग्रहालयामुळे सर्वांस माहीत आहे. जुने शिलालेख वाचण्यात त्यांनी मोठे काम केले. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्या देशातील अगदी पहिल्या छायाचित्रकारांपैकी एक होत आणि ते या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते. एक भाऊ दगडावरची अक्षरे वाचतो आणि दुसरा काचेवर छबी घेतो, असा योग या एकाच घरात जुळून आला होता.

त्याच सुमारास कंपनी सरकारच्या ध्यानी आले की, जुन्या इमारतींची हाताने चित्रे काढून घेण्यास वेळ व पैसा फार लागतो आणि चित्रकार आपल्या मनाचेही त्यात घालतो. कॅमेऱ्याचे तसे नाही. म्हणून १८५५ मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज या अधिकाऱ्यास विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांतील वास्तूंची छायाचित्रे घेण्यास नेमले. थोड्याच महिन्यांत त्यास पलटणीत परत बोलाविले आणि ते काम डॉ. पिगू या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आले. यात केवळ कलाप्रेम होते असे समजण्याचे कारण नाही. जिंकलेल्या मुलखात काय काय आहे याची ती एक मोजदाद होती. परंतु हेतू कोणताही असो, जे टिपले गेले ते टिकले आणि आज ते आपल्या उपयोगी पडत आहे.

देणगीदार बंधूंनी पुढील गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. ही छायाचित्रे ग्रंथरूपाने छापण्यास पैसा हवा होता. १८६६ साली अहमदाबादच्या वास्तूंवरील मोठा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यास आश्रय मुंबईचे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी दिला होता. मुंबई विश्वविद्यालयाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि ज्यांच्या मातोश्रींचे नाव त्यास आहे, तेच हे गृहस्थ. कापसाच्या सट्ट्याची घसरगुंडी १८६५ मध्ये झाली आणि त्यात शेठजींची अपार संपत्ती गेली. पण टॉवर उभा आहे आणि ग्रंथही आहे. दिलेले तेवढे उरले.

अजिंठ्याचा धडा

छायाचित्राची गरज किती खरी आहे, हे अजिंठ्याइतके दुसऱ्या कोणत्याच स्थळाने शिकविले नसेल. लेण्यांतील भिंतीचित्रे नष्ट होत चालली आहेत हे पाहून मेजर रॉबर्ट गिल या चित्रकार अधिकाऱ्यास १८४४ साली तेथे नक्कला करण्यास पाठविले. त्याने वर्षानुवर्षे जंगलात राहून तैलरंगात मोठमोठ्या नक्कला तयार केल्या व त्या विलायतेस गेल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांचे प्रदर्शन असताना डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक जळून खाक झाल्या. एका माणसाच्या अर्ध्या आयुष्याची राख झाली.

पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा नक्कला केल्या. त्यांत अनेक तरुण हिंदी विद्यार्थ्यांचे हात होते. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये तेथील संग्रहालयात आग लागून त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. दोन वेळा तोच घाला!

मात्र मेजर गिल याने मध्यंतरी कॅमेरा हाती घेतला होता. अजिंठा, वेरूळ इत्यादी ठिकाणची त्याची छायाचित्रे १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या लेखनासह पुस्तकात छापली गेली. ती आगीत गेली नाहीत, कारण त्यांच्या प्रती अनेक हातांत पोचल्या होत्या. नक्कल एकच असेल तर ती गेली की सर्व गेले. छायाचित्राच्या दहा प्रती दहा घरांत असतील तर एखादी तरी राहते. गिलचा अंत १८७९ मध्ये झाला आणि त्याचे थडगे भुसावळ येथे आहे. आपल्या प्रांतातील एका लेण्यासाठी तो माणूस झिजला, हे विसरून चालणार नाही.

मळलेल्या वाटेपलीकडची देवळे

१८७४ मध्ये डॉ. बर्जेस यांच्या देखरेखीखाली पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीस प्रारंभ झाला. पुढे त्याच खात्यात आलेल्या हेन्री कझिन्स यांनी तालुक्यातालुक्यांतून फिरून देवळांची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे जमविली. अजिंठा-वेरूळ जगास ठाऊक होते. पण अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याच्यावर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे, किंवा सिन्नरचे गोंदेश्वर, अशा मंदिरांची पद्धतशीर नोंद त्यांच्या पुस्तकात आहे. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ साली निघाला. अशा जुन्या छायाचित्रांपैकी पुष्कळ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहेत.

हे सर्व परक्यांनीच केले असे मात्र नव्हे. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळ सरधना येथे झाला. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत असता ते छायाचित्रण शिकले, मध्य हिंदुस्थानातील किल्ले, देवळे व राजवाडे यांची उत्कृष्ट छायाचित्रे त्यांनी घेतली आणि पुढे निजामाच्या दरबारी मोठा मान मिळविला. आणि आपल्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला हे शाळेतल्या पोरासही माहीत आहे. पण त्यापूर्वी काही काळ ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून नोकरीस होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्या हातांनी पुढे पडद्यावर देवादिकांना चालविले, त्या हातांनी आधी जुन्या वास्तूंचे काम केले होते.

परदेशातही असेच प्रयत्न झाले. फ्रान्समध्ये १८५१ साली सरकारने पाच छायाचित्रकारांना निरनिराळ्या प्रांतांत जुन्या इमारती टिपण्यास पाठविले. लंडनमध्ये 'ऑक्सफर्ड आर्म्स' नावाची एक जुनी धर्मशाळावजा खाणावळ पाडली जाणार असे कळले, तेव्हा काही नागरिकांनी १८७५ मध्ये एक मंडळ काढून तिचे फोटो घेवविले. इमारत वाचली नाही, परंतु त्या मंडळाने १८८६ पर्यंत जुन्या लंडनची एकशेवीस छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि शहराची एक आठवण राखली. त्यांत सरकारची आज्ञा नव्हती. चार माणसांना वाटले, एवढेच.

पाण्याखालचे देव आणि परत आलेले देव

आपल्या पिढीने तर देवळे डोळ्यांदेखत जाताना पाहिली आहेत. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि अनेक गावे पाण्याखाली गेली. पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर त्यांतलेच. एखाद्या वर्षी उन्हाळ्यात पाणी फार ओसरले म्हणजे ते मंदिर उघडे पडते आणि जुने गावकरी व इतर लोक दर्शनास व फोटो काढण्यास गर्दी करतात. धरणाच्या पाण्याने लाखो एकरांची तहान भागली हे खरेच आहे. पण ज्यांचे देऊळ पाण्यात गेले, त्यांच्या नातवंडांस ते दाखवावयाचे झाले तर छायाचित्राखेरीज दुसरे काय आहे?

आता याच्या उलट, आनंदाची एक हकिगत सांगतो. तमिळनाडूतील श्रीपुरंतान या खेड्यातील देवळातून चोळकालीन नटराजाची पंचरशी मूर्ती चोरांनी २००६ साली पळविली. देऊळ बंद असे, त्यामुळे चोरी बराच काळ कोणाच्या ध्यानातही आली नाही. मूर्ती परदेशी गेली आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती सुमारे पन्नास लाख डॉलर मोजून विकत घेतली. विकणाऱ्याने कागदपत्रे खोटी दिली होती. परंतु पाँडेचरी येथील फ्रेंच संस्थेने पूर्वीपासून दक्षिणेतील देवळादेवळांतून फिरून मूर्तींची छायाचित्रे घेऊन ठेवली होती. त्यांत ही मूर्ती होती. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर बोलण्यास जागा उरली नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती मूर्ती आपल्या पंतप्रधानांच्या स्वाधीन केली. त्याच वेळी वृद्धाचलम येथील अर्धनारीश्वराची पाषाणमूर्तीही परत आली, तीही अशाच छायाचित्राच्या आधारे.

यावरून काय घ्यावयाचे? मूर्तीचे छायाचित्र हा नुसता शोभेचा भाग नव्हे, ती देवाच्या मालकीची सनद आहे. पुराणवस्तूंसंबंधीचा १९७२ चा कायदाही हेच सांगतो. जुन्या मूर्तींच्या नोंदणीच्या अर्जास छायाचित्रे जोडावी लागतात. काही देवस्थानांत गाभाऱ्यात कॅमेरा नेत नाहीत, ती श्रद्धा आपण मानलीच पाहिजे. परंतु पुजाऱ्यांच्या व ग्रामस्थांच्या संमतीने, सोवळेओवळे पाळून, नोंदीपुरती चार छायाचित्रे घेऊन ती समितीच्या कपाटात कुलपात ठेवण्यास कोणत्याच देवाची हरकत असेल असे मला वाटत नाही. आपल्या समितीने या वेळी तसे केले आहे.

जीर्णोद्धार की नवा थर?

येथे एक गोष्ट नम्रपणे पण स्पष्ट लिहितो. कोणास दुखविण्याचा हेतू नाही. गेल्या पन्नास वर्षांत आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे दगडावर तैलरंग, जोत्यावर फरशी आणि पुढे सिमेंटचा मंडप असे समीकरण होऊन बसले. श्रद्धेनेच झाले, पण दगड श्वास घेईनासा झाला, कोरीव काम रंगाच्या थरांत बुजले, आणि जुने वीरगळ उकिरड्याशेजारी गेले. आपल्या गावीही एका पूर्वीच्या दुरुस्तीत नगारखान्याची कोरीव लाकडी चौकट सरपणात गेली. तिचा एकही फोटो नाही. या वेळी ती पुन्हा घडवावी असे सुताराने सुचविले. तिघा वृद्धांना विचारले तर एकाने मोर सांगितले, एकाने हत्ती, एकाने नुसती वेलबुट्टी. कोणती घडवावी? शेवटी ती जागा साधी ठेवली. मनाने रचलेले खोटे कोरीव काम देवापुढे नको, असे सर्वांचे मत पडले. साधी चौकट पाहून कोणी नाव ठेवू नये म्हणून हा खुलासा.

आता वारे बदलले आहे, हे सुचिन्ह होय. पंढरपूर येथे २०२४ साली श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनाचे काम झाले. नंतरच्या काळात बसविलेल्या फरश्या, रंग इत्यादी काढून मूळ दगडी रूप पुष्कळ अंशी मोकळे करण्यात आले. कित्येक वारकऱ्यांनी आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेला दगड प्रथमच पाहिला. जे पंढरीस शोभले ते आपल्यास का शोभू नये?

आपल्या देवळाचाही रंग खरवडून काढला तेव्हा गाभाऱ्यापुढील पायरीवर काही अक्षरे असल्याचा संशय आला. दुपारी पाहिले तर काहीच दिसेना. मग सकाळी, ऊन तिरपे पडले असता फोटो घेतला आणि अक्षरांच्या कडांना सावल्या पडून ती उठून दिसली. 'शके १७' एवढे स्पष्ट आहे, पुढील दोन आकडे झिजले आहेत. म्हणजे ती पायरी साधारण इ. स. १७७८ ते १८७७ या शंभर वर्षांतील धरावी लागते. पायरी देणाऱ्याचे नाव भक्तांच्या पावलांखाली पार पुसून गेले आहे. शेवटचे दोन शब्द मात्र वाचता येतात, ते असे : 'चरणी तत्पर'.

ते वाचून समितीतील एका देणगीदार गृहस्थांनीच सुचविले की, या वेळच्या देणगीदारांच्या नावाच्या फरश्या जुन्या दगडी भिंतीवर न लावता आवाराच्या नव्या भिंतीवर लावाव्यात. त्यांची स्वतःची देणगी मोठी आहे, म्हणून त्यांच्या शब्दास सर्वांनी मान दिला. नावे आदराने लावली आहेत, आणि देवळाचा दगडही मोकळा राहिला आहे.

आपण काय करावे?

आज प्रत्येक घरात मोबाईल आहे आणि रोज फोटो निघतात. म्हणून निष्काळजीपणाही वाढला आहे. फोन बिघडला की फोटो गेले. म्हणून काही सूचना अनुभवावरून लिहितो.

देवळाचे फोटो चारही दिशांनी, आतून-बाहेरून, वर्षातून एकदा तरी घ्यावेत. उत्सवाचा दिवस त्यास बरा, म्हणजे विसर पडत नाही. माणसांचे फोटो पुष्कळ निघतात, पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या भिंतीचाही एक घ्यावा. कोरीव काम व शिलालेख यांचा फोटो सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात घ्यावा. अक्षरे दिसावीत म्हणून त्यांत खडू, तेल वा रंग कधीही भरू नये. शेजारी एखादी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे माप कळते. कोणतेही जुने काम उतरविण्यापूर्वी फोटो घ्यावा आणि दगडांना क्रमांक द्यावेत. आपला सभामंडप उतरविताना आपण तसे केले, म्हणूनच जे खांब वाळवीतून वाचले ते पुन्हा आपापल्या जागी उभे राहिले.

निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, स्थळ व दिसणाऱ्या माणसांची नावे लिहावीत. "सर्वांना माहीतच आहे" असे म्हणून नावे लिहिली जात नाहीत, आणि वीस वर्षांनी कोणासच माहीत नसतात. एक प्रत देवळाच्या दप्तरात, एक शाळेत आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या विश्वासू घरी ठेवावी. अजिंठ्याचा धडा तो हाच.

आणि शेवटची विनंती. आपल्या घरी लग्नाचे, मुंजीचे, जत्रेचे, कुस्तीच्या फडाचे, पहिल्या ट्रॅक्टरचे, जुन्या मोटारीचे फोटो असतील. त्यांच्या मागे कोठे देवळाचा कोपरा, वेशीची कमान, चावडी, पाणवठा दिसत असेल. नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास अगर दूरदेशी गेलेल्या मंडळींनी आपल्या जुन्या पेट्या उघडून पाहाव्यात. फोटो समितीकडे आणून द्यावेत. त्यांची नक्कल काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत केला जाईल. ज्यांनी यथाशक्ती पैसा दिला, श्रमदान केले, त्यांच्याइतकेच पुण्य अशा एका फोटोत आहे. एस. टी.चा तो फोटो देणाऱ्या आजींकडून समितीने वर्गणी घेतली नाही. "तुमची वर्गणी पोचली" असेच त्यांना सांगण्यात आले.

या अंकाच्या शेवटच्या पानावर नव्या मंदिराचे छायाचित्र छापले आहे. त्याखाली तारीख घातली आहे, आणि पायरीवर बसलेल्या सर्व कारागिरांची, पाथरवट, सुतार, गवंडी, त्यांच्या हाताखालच्या बाया-बापड्यांची नावे डावीकडून उजवीकडे लिहिली आहेत. अजून शंभर वर्षांनी कोणी पुढचा जीर्णोद्धार करील. त्यास दीपमाळेचे थर मोजण्यासाठी गाडीच्या टपावरून डोकवावे लागू नये, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना.